चंद्रीचा खुंटा

"अण्णा, म्हस सोडा."

"आत्ता तर बांधली. का?"

"मला खुंटा पायजे."

अण्णांनी चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी घराचं आढं काढून मागतोय.

"उत्त्या, तुझ्या बारशाच्या आधीपास्नं खुंटा हाय ह्यो. चंद्रीची आई ह्येलाच बांधलेली असायची."

"खुंटा न्हाय तो अण्णा. जीपची पुढची शाफ्ट हाय."

"असंल. आता खुंटा हाय."

आणि अण्णांचं काही चूक नव्हतं. आमची जीप फोर व्हील. म्हणजे इंजिन चारही चाकांना ओढायला लावतं, मागच्या दोन चाकांना एका शाफ्टनं, पुढच्या दोन चाकांना दुसऱ्या. पण अण्णा तिच्यातनं वडाप करायचे, म्हणजे माणसं भरून भाड्यानं न्यायचे, तेव्हा कुणीतरी चहाच्या टपरीवर त्यांना सांगितलं, पुढची शाफ्ट नुसती फिरती आणि डिझेल खाती, काढून टाका. अण्णांनी काढली. आमच्याकडं तेव्हा निम्म्या जीपवाल्यांनी काढली होती. आता काढलेलं लोखंड आमच्यात कोण टाकतं? चांगली जाड नळी, टोकाला दोन कान, त्यात साखळी मस्त अडकते. गोठ्यात रोवली. तेव्हापासनं आमची गाडी नावाला फोर व्हील, आणि त्यातल्या दोन व्हीलना म्हस बांधलेली.

पुढं मागचे टायर गुळगुळीत झाले, गाडी चढ चढंना, अण्णांचे गुडघे गेले. जीप हिरड्याच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्या सीटखाली अंडी घालायच्या.

मला ती शाफ्ट पाहिजे होती ती दादासाठी.

आमची वाडी सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर. एसटी खालच्या गावापर्यंतच. तिथनं वर यायला आम्हीच फोडून काढलेला रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कडा आणि मधे सुटी खडी. दादाची, म्हणजे हणमंतदादाची, दोन स्थळं त्या रस्त्यानं खाल्ली. पहिले पाहुणे निम्म्यात एका दगडावर बसले, घाम पुसला आणि तिथनंच माघारी गेले. चहासुद्धा घेतला नाही. दुसरे वर आले, जेवले, आईच्या कालवणाला नावाजलं. नंतर निरोप आला, मुलगा चांगलाय, पण आमची पोरगी काय शेरडू हाय का रोज कडा चढायला.

त्या दिवशी दादानं निळा शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला. त्या कार्यक्रमासाठीच घेतला होता. मला म्हणाला, "तुला होत असंल तर घाल."

मी घातला नाही.

मग मसूरकडचं सारिकाचं स्थळ आलं. दादा बघून आला, पोहे खाऊन आला, आणि आल्यावर गोठ्यात शेण काढताना शीळ घालत होता. शीळ! आईनं मला कोपर मारून दाखवलं. तिकडनंही होकारासारखं होतं. फक्त आता ते घर बघायला येणार होते.

आणि मध्यस्थ दिनकरतात्यांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "गाडी दारात असती. फोर व्हील. थेट अंगणात उतरायचं."

दादाला कळलं तेव्हा तो फोन घेऊन रेंजच्या दगडाकडं निघाला. आमच्या वाडीत रेंज एकाच दगडावर येते. मी मागनं पळत गेलो.

"काय सांगणारेस?"

"खरं काय ते. गाडी बंद हाय. तात्या खोटं बोलला."

"खोटं न्हाय बोलला. जरा आधी बोलला."

दादानं फोन कानाजवळ नेला आणि तसाच धरला. "चालंल ती?"

"चालंल."

"उत्त्या, तू अजून कुणाची गाडी दुरुस्त केलीयस?"

"तात्याचा पंप केला की."

"पंपाला चाकं असत्यात?"

पण त्यानं फोन खिशात टाकला.

मी कुठल्या गॅरेजात शिकलेलो नाही. त्याच दगडावर बसून मोबाईलवर पंजाबातले मिस्त्री बघायचो, गाड्या उघडताना. भाषा निम्मी कळायची, हात पूर्ण कळायचे. व्हिडिओ मधेच अडकायचा, मग पुढं काय केलं असंल ते आपणच डोक्यात लावायचं. त्यातनंच जास्त शिकलो असं वाटतं.

तर खुंटा. पहारीनं उकरून काढला. चंद्री दुसऱ्या खांबाला बांधली आणि तिनं दुसऱ्या दिवशी पान्हा चोरला. तिसऱ्या दिवशी अण्णांना लाथ. घरात कोरा चहा सुरू झाला. अण्णा रोज सकाळी कप उचलायचे, आत बघायचे, आणि अंगणाकडं तोंड करून म्हणायचे, "फोर व्हीलचा चहा."

शाफ्टची अवस्था विचारू नका. ती दोन तुकड्यांची असते, एकात एक सरकणारी. शेण-मुतात राहून दोन्ही एकजीव झाले होते. काळ्या तेलात भिजत घातली, चुलीच्या निखाऱ्यावर शेकली, लाकडी मोगरीनं ठोकली. हलंना. एक दिवस मी एकटाच ओढत होतो तर दादा आला, दुसरं टोक धरलं, पाय माझ्या पायाला लावले आणि आम्ही रस्सीखेच खेळतो तसं ओढलं. सुटली ती अशी की दोघं पाठीवर.

आई ओसरीवरनं म्हणाली, "झालं का बाळंतपण?"

मग पुढच्या आसातलं तेल बदललं, आतलं डांबरासारखं झालं होतं. टायर एका वडापवाल्यानं उतरवलेले, पण नक्षी शिल्लक असलेले. फोर व्हील जोडायचा दांडा जागचा हलत नव्हता, कारण इतकी वर्षं आई त्याला पिशवी अडकवायची आणि तो त्याच्यासाठीच आहे असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. रॉकेल घालून घालून तो सैल केला. इंजिनातली हवा काढली. बॅटरी तात्यांच्या ट्रॅक्टरची, खोटं बोलल्याची लाज म्हणून त्यांनी तेवढी दिली.

पहिल्यांदा चारही चाकं ओढायला लागली ती घरामागच्या चढावर. काय सांगू. गाडी उडी मारत नाही, आवाज करत नाही. गाभण म्हशीसारखी सावकाश, एक एक पाय टाकत वर जाते. शेजारी दादा.

"हं," म्हणाला. दादाचं 'हं' म्हणजे लई झालं.

एकच होतं. मागच्या शाफ्टच्या सांध्यातनं टक् असा आवाज यायचा, जोर पडला की. त्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो, क्रॉस म्हणतात, तो कराडच्या दुकानात नव्हता, मागवतो म्हणाले. आणि रविवारी पाहुणे आले.

खालच्या गावात जीप घेऊन मी आणि दादा उभे. दादाच्या अंगात निळा शर्ट. एसटीतनं आधी दिनकरतात्या उतरले, मग सारिकाचे मामा रंगराव. मामा म्हणजे माणूस नव्हे, ज्वारीचं पोतं. पांढरी टोपी, मिशी, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेलं. वडील नव्हते पोरीला, त्यामुळं मामांचा शब्द शेवटचा. मामांच्या मागं सारिकाची आई. आणि तिच्या मागं सारिका.

तात्या माझ्या कानाला लागले, "पोरगी पण आली. म्हणं राहायचं मला हाय, बघणार पण मीच."

मामांनी जीपला एक चक्कर मारली. टायरला चप्पल मारून बघितली.

"चारी चाकं ओढत्यात का?"

"एकदम! नव्यावाणी!" तात्या.

मामांनी तात्यांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. अण्णांनी घरनं निघताना बजावलं होतं, गाडीबद्दल चकार शब्द काढू नको, चालव आणि गप बस.

"ओढत्यात मामा," म्हटलं. "पण मागच्या शाफ्टचा सांधा वाजतोय. आज टिकंल असं वाटतं. खात्री देत न्हाय."

तात्यांच्या तोंडातलं पान तिथंच थांबलं. दादा रस्त्याकडं बघायला लागला. मला वाटलं, तिसरं स्थळ मी खाल्लं. पाहुण्यांना रस्ता चढू पण दिला नाही.

"आणि न्हाय टिकला तर?"

"तर पुढच्या चाकांवर वर घेतो."

"घेतलीयस कधी अशी?"

"न्हाय."

मामा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "बसा गं सगळी."

निम्मा घाट छान गेला. सारिकाची आई माझ्याशेजारी, समोरच्या दांडीला घट्ट धरून. मामा, तात्या, सारिका, दादा मागं. ज्या दगडावर पहिले पाहुणे बसले होते तो गेला. मी त्याला मनातल्या मनात एक शिवीपण दिली. आणि पुढच्याच वळणावर टक्. टक्. खाड! गाडीखाली कुणीतरी घण घातल्यासारखं झालं. मी क्लच आणि ब्रेक एकदम दाबले. दादानं उडी मारून चाकाला दगड लावला.

नुसती खडी घरंगळल्याचा आवाज, लांब कड्यात खाली जाणारा.

"तात्या," मामा म्हणाले, "नव्यावाणी का वं?"

मी खाली शिरलो. सांधा तर तुटला होताच, पण शाफ्टचा एक कान पण अर्धा उडाला होता. लोंबकळत होती. ती काढल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. मी पाना शोधायला हात बाहेर काढला तर हातात पाना आला. दादा निळ्या शर्टासकट खाली शिरला होता.

"चौदाचा ना?"

"व्हय."

एवढंच बोललो आम्ही. तो धरायचा, मी फिरवायचो. एक नट रुसून बसला तेव्हा त्यानं माझ्या पान्यावर टाच मारली. नट सुटला. ग्रीसचा लोंदा सरळ त्याच्या छातीवर.

बाहेर येऊन मी मामांना सांगितलं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आता नुसती पुढची चाकं ओढणार. पण चढावर सगळं वजन मागं जातं, पुढची हलकी होतात आणि नुसती गरगर फिरतात. गाडी वळवायची, तोंड खाली करायचं आणि पाठमोरी वर न्यायची. म्हणजे ओढणारी चाकं खालच्या अंगाला येतात, वजन त्यांच्यावर.

"उलटी?" सारिकाची आई म्हणाली. "अगं बाई."

"बायकांनी चालत या," तात्या म्हणाले. "मी दाखवतो वाट." आणि ते खरंच चालायला लागले. बायका कुणी हलल्या नाहीत. तात्या एकटेच वळणाआड गेले.

गाडी ब्रेकवर अलगद खाली घेतली, जिथं रस्ता जरा रुंद होता तिथं पुढं-मागं करत वळवली. मी बॉनेटकडं बघत होतो. "पुढं अजून वजन पायजे. दगड भरू का?"

मामांनी धोतर सावरलं. "माझ्याएवढा दगड कुठं शोधतोस?" आणि ते बॉनेटवर चढून बसले. काचेकडं तोंड करून. माझ्यासमोर, हातभर लांब, मांडी घालून.

आता मला मागचं दिसंना. आरसा एकच, तो पण तडकलेला, मागं ताडपत्री.

"मी बघते मागं," सारिका म्हणाली.

"सारे!" तिची आई ओरडली. "गप बस."

"मग कोण बघणार? तात्या?"

ती मागच्या फळीशी उभी राहिली, एका हातानं ताडपत्रीचा दांडा धरून. दादा मागच्या चाकाशेजारी, हातात दगड. मी लो गिअर, रिव्हर्स.

"येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडं घ्या. आवो उजवीकडं!"

"कुणाच्या?" मी ओरडलो.

"माझ्या!"

"तुमची उजवी म्हणजे माझी कुठली?"

गाडी कड्याकडं फूटभर सरकली. बॉनेटवर मामांचे डोळे मोठे झाले. आणि बाजूनं दादाचा आवाज आला, पहिल्यांदाच तिच्याशी बोलला तो. "डोंगर आणि कडा म्हणा! डावं-उजवं नको!"

"डोंगराकडं घ्या!" सारिका लगेच.

मग जमलं. डोंगर. डोंगर. सरळ. जरा कड्याकडं. बास. येऊ द्या. शेवटच्या खड्या वळणावर चाकं खडीत सुटली, गाडी खाली घसरायला लागली आणि माझा पाय ब्रेकवर जायच्या आत मागनं आवाज आला, "दगड!" आणि दगड चाकाखाली होताच. गाडी त्याच्यावर टेकून बसली. पुन्हा घेतली. पुन्हा "दगड!" ती हाक मारायची आणि तो असायचाच तिथं. दोघांना एकमेकांचं तोंड पण दिसत नव्हतं.

आणि अख्खा वेळ मामा माझ्याकडं बघत होते. काचेतनं. पापणी न लवता. टोपी हातात, ओठ हलतायत. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नंतर म्हणाले, तुला क्लच सांगत होतो.

अंगणात गाडी पाठमोरी शिरली. आई तांब्या घेऊन उभी होती. रीतीनं आधी मामांचे पाय धुवायचे, मग पोरीच्या आईचे. पण गाडी उलटी. आईसमोर सगळ्यात आधी आली सारिका, केस विस्कटलेले, धुळीनं पांढरी. आईनं तिच्याच पायावर पाणी घातलं.

चहा झाला. कोराच. अण्णांनी कप उचलला, माझ्याकडं बघितलं आणि पिऊन टाकला. तात्या चालत येऊन पोहोचले होते आणि त्यांना दम लागला होता, तरी त्यांचं तोंड थांबंना.

"लाईट हाय. हवा बघा, महाबळेश्वर झक मारतंय. पाणी बाराही म्हयनं..."

"थांबा तात्या," मामा म्हणाले. आणि त्यांनी मला बोट केलं. "तू सांग रं. पाणी हाय का बारा म्हयनं?"

अण्णा माझ्याकडं बघत होते. आई दाराआडनं. दादा खाली मान घालून छातीवरचा ग्रीसचा डाग नखानं खरवडत होता. मला त्याची शीळ आठवली. एक 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं झालं असतं.

"होळीपतोर झरा असतो मामा. मग आटतो. मग खालनं टाकी भरून आणावी लागती."

"कशातनं?"

"इतकी वर्षं डोक्यावरनं. आता ह्या गाडीतनं आणणार."

तात्यांनी कपाळावर हात मारला. खरोखर मारला, आवाज आला.

मामा सारिकाकडं वळले. "ऐकलंस? आता तुझं तू बोल. मी बॉनेटवर बसून दमलोय."

ती उंबऱ्याशी उभी होती. तिनं जीपकडं बघितलं. मग सरळ दादाला विचारलं, सगळ्यांदेखत.

"पाणी आणायला कोण जाणार?"

दादानं मान वर केली. "आम्ही दोघं भाऊ."

"हा गाडी चालवणार. तुम्ही दगड धरणार."

"व्हय."

"मग मागं बघायला कोण?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं. ह्याचा विचारच केला नव्हता आम्ही.

"कुणी न्हाय," दादा म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली. आईच्या हातातला ट्रे घेतला आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

मामांनी मिशीवरनं एकदा हात फिरवला. मग अण्णांना म्हणाले, "पाव्हणं, सुपारी हाय का घरात?"

अण्णांना कळंचना. त्यांना वाटलं खायला मागतायत. त्यांनी चंची पुढं केली.

"फोडायची म्हणतोय मी," मामा म्हणाले.

पाहुण्यांना खाली सोडायला अडचण नव्हती, गाडीचं तोंड आधीच खाली होतं. येताना पुन्हा पाठमोरी, बॉनेटवर मामांच्या जागी दगड, आणि दादा माझ्याशेजारी बसून, बाहेर वाकून मागं बघत. निम्म्या घाटात, त्या दगडापाशी, म्हणाला, "थांबव." उतरला, दगडावर बसला. मी पण बसलो. खाली एसटी चालली होती, काडेपेटीएवढी.

"डाग जाईल का रं ह्यो?" शर्ट ओढून विचारलं त्यानं.

"ग्रीस हाय. जात न्हाय."

"न जाऊ दे," म्हणाला. साखरपुड्यालाही तोच घातला, आई किती ओरडली तरी.

आता आजूबाजूच्या वाड्यांतल्या गाड्या आमच्या अंगणात उभ्या असतात. कुणाच्या चाकाला काही, कुणाच्या शाफ्टला काही. जीपला मागची शाफ्ट मी नंतर कराडच्या भंगारातनं आणून बसवली, आणि पुढची काढलेली नाही. होळीनंतर टाकी आणायला आम्ही तिघं जातो. गाडी सरळ चढत असली तरी वहिनी मागंच उभी राहते, आणि डोंगर, कडा, येऊ द्या, तिचं चालूच असतं.

पण त्या रविवारचं राहिलंच सांगायचं.

आम्ही दोघं घाटातनं घरी आलो तर गोठ्यातनं ठोकल्याचा आवाज. आत बघितलं तर अण्णा घामाघूम, हातात घण. आम्ही काढून गाडीत टाकून आणलेली ती अर्ध्या कानाची मागची शाफ्ट त्यांनी जुन्या खड्ड्यात उभी केली होती आणि जमिनीत हाणत होते. उरलेल्या कानात साखळी अडकवली, चंद्रीला आणून बांधली. तिनं हुंगलं. एकदा अंग घासलं. आणि बसली, रवंथ करत.

अण्णांनी घण खांद्यावर घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले,

"ही हातभर खोल घातलीय. आता तुझ्या बापाच्यानं निघायची न्हाय."

सकाळी चहात दूध होतं.